रात्रीच्या नाटकासाठी कॅमेरा: पस्तीस हजारांच्या एका खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या एका गावातले चित्रकलेचे मास्तर, हे या प्रकरणातलं मुख्य पात्र. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कॅमेऱ्याचे तपशील आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत. मास्तर हायस्कूलात शिकवतात आणि गावच्या हौशी नाट्यमंडळाचं नेपथ्य आणि रंगभूषा सांभाळतात. गोव्यात जत्रेला, काल्याला गावकऱ्यांनीच मराठी नाटक बसवायची रीत अजून टिकून आहे. घरात कोकणी, तालमीत मराठी, आणि नाटक सुरू व्हायची वेळ बहुतेकदा रात्रीची, देवळातले विधी आटोपल्यावर.

२०२३ ची चतुर्थी झाली आणि मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलं. जुने फोटो गोळा करायला घेतले तेव्हा लक्षात आलं की गेल्या आठ-दहा वर्षांतल्या एकाही प्रयोगाचा छापण्याजोगा फोटो नाही. मोबाइलवर काढलेले ढीगभर होते. त्यात राजाचा मुकुट ओळखू यायचा, राजा नाही. त्याआधीचे, फिल्मच्या काळातले कृष्णधवल फोटो उलट जास्त बरे होते.

मास्तरांनी घरचे वीस हजार काढायची तयारी दाखवली, मंडळाने पंधरा हजार द्यायचं कबूल केलं. कॅमेरा मास्तरांच्या घरी राहील, मंडळाच्या कामाला मिळेल, आणि एरवी अकरावीतली मुलगी त्यावर शिकेल, असं ठरलं. दोन खिशांतून पैसे आले की अपेक्षाही दोन तऱ्हेच्या येतात. त्याचा परिणाम पुढे येईलच.

मी लग्नाचे आणि कार्यक्रमांचे फोटो काढतो, अधूनमधून शिकवतोही. मास्तर माझ्याकडे आले ते एकच प्रश्न घेऊन: ‘कॅनन घेऊ की निकॉन?’

अडचण

हा प्रश्न घरात आधीच बराच तापला होता. भाचा निकॉनवाला. ‘मामा, डी३५०० घ्या, एका चार्जिंगमध्ये दीड हजार फोटो निघतात,’ असं त्याचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. निकॉनचा स्वतःचा आकडा १५५० चा आहे. मंडळाच्या सेक्रेटरींना कॅनन हवा होता, कारण त्यांच्या ओळखीचे लग्नाचे फोटो काढणारे सगळे कॅनन वापरतात. मस्कतला असलेला मास्तरांचा धाकटा भाऊ म्हणत होता, ‘दादा, मी येताना घेऊन येतो, इथे स्वस्त पडेल.’

मला या वादात रस नव्हता. या वर्गातल्या, म्हणजे आत आरसा असलेल्या स्वस्त डीएसएलआर कॅमेऱ्यांचे उजेड टिपणारे सेन्सर जवळजवळ एकाच आकाराचे असतात, बहुतेक २४ मेगापिक्सेलचे, आणि दिवसाउजेडी काढलेला फोटो पाहून कंपनी कुणी ओळखून दाखवावी. खरी अडचण निराळी होती. मंडपातल्या नाटकात उजेड थोडा असतो, नट हलत असतात, फ्लॅश मारता येत नाही, आणि फोटो काढणारा रंगमंचापासून सहा-सात मीटरवर बसलेला असतो. या चार गोष्टी एकत्र आल्या की कॅमेऱ्यासोबत येणारी १८–५५ मिमीची लेन्स हात टेकते. मिमीचा आकडा जेवढा मोठा तेवढं दूरचं जवळ दिसतं, आणि एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं तोंड जास्त उघडतं. ५५ मिमीवर तिचं तोंड एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही.

इथे एक गैरसमज हमखास आड येतो. दुकानदार सांगतो, ‘लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे, रात्रीचं टेन्शन नाही.’ स्टॅबिलायझर तुमच्या हाताची थरथर सावरतो. तलवार फिरवणाऱ्या नटाचा हात तो थांबवू शकत नाही. त्याला शटरच वेगाने पडावं लागतं, आणि त्यासाठी उजेड लागतो.

पर्याय

पहिला पर्याय, काहीच न घेण्याचा. त्याच पैशात बरा मोबाइल येतो, असं मुलीचं मत होतं. मोबाइलचा रात्रीचा मोड लागोपाठ बरेच फोटो घेऊन ते एकमेकांवर जुळवतो. स्थिर देऊळ त्यात सुंदर येतं, हलता माणूस चिकटल्यासारखा येतो. मंडळाकडे तसे फोटो भरपूर होते, त्यामुळे हा पर्याय लवकर बाद झाला.

दुसरा, नवा कॅनन १५००डी, १८–५५ सह. बिल, वॉरंटी, सगळं व्यवस्थित. पण त्या आठवड्यात मडगावात सांगितलेला भावच बजेटच्या वर जात होता, म्हणजे दुसऱ्या लेन्सला पैसे उरत नव्हते. शिवाय मागचा स्क्रीन फिरत नाही, बाहेरचा माइक लावायला जागा नाही, आणि स्क्रीनवर बघून फोकस करायला तो संथ आहे. आणखी एक बारकावा पुष्कळांना घेतल्यावर कळतो: १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू यांच्या फ्लॅशच्या खोबणीत मधला संपर्कबिंदूच दिलेला नाही, त्यामुळे इतर कंपन्यांचे स्वस्तातले साधे फ्लॅश त्यांवर पेटत नाहीत. नाटकाला फ्लॅश नको होता, पण बारशा-मुंजीला मास्तरांनाच बोलावणार हे उघड होतं.

तिसरा, दोन लेन्सचा जोड: १८–५५ आणि ७०–३००, वर बॅग, ट्रायपॉड आणि कार्ड फुकट. दुकानात सगळ्यांची नजर यावरच जाते, कारण ‘झूम’ या शब्दाची मोहिनी मोठी. मास्तरही जवळजवळ आगाऊ रक्कम देऊन आले असते. पण लांब पल्ल्याच्या या स्वस्त झूम लेन्सचं तोंड पूर्ण झूमवर एफ/५.६ किंवा एफ/६.३ इतकंच उघडतं. भर दुपारच्या शिगम्यात, म्हणजे आमच्या शिमगोत्सवात, त्या चालतील, रात्रीच्या नाटकात नाही. फुकटच्या ट्रायपॉडबद्दल न बोललेलं बरं.

चौथा, मस्कतहून मागवणं. थोडे पैसे वाचले असते, पण तिकडच्या खरेदीची वॉरंटी इथल्या सर्व्हिस सेंटरला चालेलच असं धरता येत नाही. आणि वापरून बघायची सोय नाही. भावाला वाईट वाटू नये म्हणून त्याला बॅग आणायला सांगितली.

पाचवा पर्याय जुन्या बाजाराचा. व्यवसायातले लोक भराभर मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे, वळत असल्यामुळे जुने डीएसएलआर बऱ्यापैकी स्वस्त झाले होते. निकॉनने डी३५०० चं उत्पादन तोवर थांबवलंही होतं. ‘मेलेल्या घोड्यावर पैसे का लावायचे?’ असं भाच्यानेच विचारलं. प्रश्न रास्त होता. माझं उत्तर असं की नव्या लेन्स येणं थांबलं तरी आहेत त्या लेन्स बंद पडत नाहीत. कॅननची ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून त्यांच्या नव्या आर मालिकेच्या मिररलेसवर चालते. उद्या बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, बदलली तरी लेन्स हाताशी राहते. मिररलेस आम्ही तेवढ्याच बजेटात शोधला नाही असं नाही, पण चांगल्या अवस्थेतली बॉडी आणि उजेड घेणारी लेन्स असे दोन्ही त्या रकमेत बसेनात.

रंगीत तालमीतली चाचणी

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी निर्णय हा: काहीही घेण्याआधी मागून आणलेला कॅमेरा घेऊन रंगीत तालमीला जायचं. साधी तालीम नव्हे, लाइटवाला आपले दिवे लावतो ती. माझ्या एका विद्यार्थ्याचा जुना कॅनन १३००डी आणि त्याची १८–५५ घेऊन मास्तर दुसऱ्या रांगेत बसले. सूचना दोनच होत्या. शटर १/१२५ सेकंदावर ठेवा, आणि झूम मनाला येईल तसा फिरवा.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर फोटो उघडून आम्ही प्रत्येकाची माहिती पाहिली. दोन गोष्टी कळल्या.

एक, उजेडाची. एफ/५.६ वर, १/१२५ ला, आयएसओ, म्हणजे उजेडाला सेन्सर किती दाद देतो तो आकडा, ६४०० ठेवूनही चेहरे किंचित काळोखे आले होते आणि दाणे उठले होते. एफ/५.६ वरून एफ/२ वर आलं की लेन्समधून आठपट उजेड आत येतो. म्हणजे तोच फोटो आयएसओ ८०० वर निघतो. कुठल्याही महागड्या बॉडीने एवढा फरक या बजेटात पडला नसता. मास्तर चित्रकलेचे असल्यामुळे हे गणित त्यांना कागदावर न मांडताही पटलं. दाणेदार काळ्याकडे बघून ‘यात रंगच उरत नाही,’ एवढंच ते म्हणाले.

दुसरी गोष्ट अंतराची. मास्तरांना स्वतःला आवडलेले बहुतेक फोटो ४५ ते ५५ मिमीच्या दरम्यानचे निघाले. अख्खा रंगमंच दाखवणारे फोटो त्यांनी बाजूला टाकले होते. नेपथ्य स्वतःचं असूनही! त्यांचा जीव होता तो रंगवलेल्या चेहऱ्यांत. साडेसहा मीटरवरून ५० मिमीची लेन्स या सेन्सरवर साधारण तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच चौकट देते. उभा नट त्यात बरोबर मावतो, दोघांचा संवादही मावतो. ३५ मिमी लावली तर चौकट चार मीटरच्या पुढे जाते.

आणि इथे कॅनन की निकॉन हा प्रश्न आपोआप सुटला. निकॉनच्या डी३४००, डी३५०० या बॉडींत फोकसची मोटर नसते. लेन्समध्येच मोटर असावी लागते. त्यांच्यासाठी स्वस्त आणि उत्तम मिळते ती ३५ मिमी एफ/१.८जी. निकॉनची जुनी, स्वस्तातली ५० मिमी एफ/१.८डी या बॉडींवर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो, आणि मोटरवाली ५० मिमी महाग. कॅननची ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम मात्र त्यांच्या कुठल्याही डीएसएलआरवर ऑटोफोकससह चालते आणि किंमतही आवाक्यातली. मास्तरांची पसंती ३५ च्या आसपास पडली असती तर मी निकॉनच सुचवला असता. भाच्याला हे सांगितल्यावर त्याचं समाधान झालं, निदान तसं तो म्हणाला.

मंडळाची मागणी

मध्येच सेक्रेटरींनी नवा मुद्दा काढला: ‘मंडळाचे पैसे आहेत तर अख्ख्या नाटकाचा व्हिडिओ झाला पाहिजे.’ यावर बैठकीत बराच वेळ गेला. या वर्गातल्या कॅननमध्ये एका दमात २९ मिनिटं ५९ सेकंदांपर्यंतच रेकॉर्डिंग होतं, मग थांबून पुन्हा बटण दाबावं लागतं. तीन अंकी नाटकात हे कुणी सांभाळायचं? आणि जो व्हिडिओ सांभाळेल तो फोटो कधी काढणार? शेवटी ठरलं की अख्खा प्रयोग नेहमीचा व्हिडिओवालाच घेईल, कॅमेऱ्यावर फक्त नांदी आणि एखाददुसरा प्रवेश. पण या मागणीमुळे कॅननचा जुना २००डी यादीत वर आला. त्यात माइकची जागा आहे, स्क्रीन फिरतो, आणि स्क्रीनवर बघतानाचा फोकस १५००डीपेक्षा पुष्कळ चपळ आहे. २०१७ चं मॉडेल, पण नव्या १५००डीपेक्षा मला ते या कामाला सरस वाटलं, आणि त्याच्या फ्लॅशच्या खोबणीत मधला बिंदूही शाबूत आहे.

खरेदी

पहिला जुना २००डी किनारपट्टीवरच्या एका गावात सापडला. १८–५५ सह एकोणीस हजार, दिसायला नवाकोरा. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरपा मारून पुढून पाहिलं तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले. बुरशी. गोव्याच्या दमट हवेत पावसाळाभर बंद बॅगेत लेन्स पडून राहिली की हे होतं. ‘पुसलं की जातं,’ असं मालक म्हणाला. बुरशी आतल्या काचेवर असते, लेन्स उघडल्याशिवाय तिथे हात पोहोचत नाही, आणि वेळ गेला तर काचेवरचं कोटिंगच ती खाते. स्वस्त म्हणून मास्तरांचं मन अडकलं होतं. मी सोडा म्हटलं, त्यांनी सोडला. थोडी नाराजी होती, पण सोडला.

दुसरा एका लग्नाच्या फोटोग्राफरच्या मदतनिसाकडे मिळाला, जो स्वतः मिररलेसकडे निघाला होता. मूळ बिल आणि बॉक्स त्याच्याकडे होता, नंबर जुळले. निकॉनच्या फोटोफाइलमध्ये शटर किती वेळा पडलं ते नोंदलेलं असतं. कॅननच्या या वर्गातल्या कॅमेऱ्यांत ते फाइलवरून कळत नाही, त्यामुळे झीज बघावी लागते. पकडीचं रबर सैल नव्हतं, ट्रायपॉडच्या आट्या ठीक होत्या. एफ/१६ वर कोऱ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून पाहिला. सेन्सरवर धुळीचे दोन-तीन ठिपके, ते साफ होण्याजोगे. १८–५५ सह चोवीस हजारांना सौदा झाला.

५० मिमी मात्र नवी घेतली, ८,६०० ला. जुनी दोन-अडीच हजारांनी स्वस्त पडली असती, पण बुरशीचा प्रसंग ताजा होता आणि सगळा डाव या लेन्सवर होता. कार्ड ६५०, जोडीला दुसरी बॅटरी १,१००. एकूण ३४,३५०. उरलेले साडेसहाशे मास्तरांनी मंडळाला परत करायला काढले होते, ते मी बाजूला ठेवायला सांगितले. पावसाळा यायचा होता.

पुढे काय झालं

जत्रेच्या नाटकाची सुरुवात काही फार शुभ झाली नाही. पहिल्या प्रवेशात कॅमेरा मुलीच्या हातात होता आणि डायल हिरव्या ऑटोवर. अंधार दिसताच कॅमेऱ्याने स्वतःचा फ्लॅश वर काढला आणि फोकस शोधायला लखलखाट केला. विंगेतून दिग्दर्शकाने असं बघितलं की पोरीने कॅमेरा थेट बाबांच्या मांडीवर ठेवला.

त्यानंतर मास्तरांनी मॅन्युअल लावलं: एफ/२, १/१२५, आयएसओ ८०० ते १६००. फोकसचा फक्त मधला बिंदू ठेवला, कारण या बॉडीतल्या नऊ बिंदूंपैकी तोच एक क्रॉस पद्धतीचा, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा आहे आणि अंधारात तोच भरवशाचा. स्क्रीन बंद, डोळा व्ह्यूफाइंडरला. मागे बसलेल्यांच्या डोळ्यांवर उजेड नको. मागे काळा पडदा असला की कॅमेऱ्याचा स्वतःचा हिशेब चुकतो आणि चेहरे पांढरेफटक येतात. मॅन्युअलमध्ये तो त्रास राहिला नाही.

फोटो चांगले आले. स्मरणिकेला लागले त्याहून जास्त मिळाले, आणि रंगभूषेचे बारकावे, भुवईची रेघ, गालावरचा घाम, हे सगळं पहिल्यांदा कागदावर आलं. पण सगळं जमलं नाही. लाल एलईडीच्या प्रवेशात चेहऱ्यांचा नुसता लाल गोळा झाला. मास्तर जेपेगवर काढत होते, रॉवर, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद तशीच ठेवून, काढलं असतं तर थोडंफार सावरता आलं असतं. एलईडी मंद केल्यावर काही फोटोंत आडवे पट्टे उमटले, ते शटर १/१०० वर आणल्यावर कमी झाले. एफ/१.८ वर काढलेल्या दोघांच्या संवादात पुढचा नट स्पष्ट आणि मागचा पुसट आला. सहा मीटरवरून या लेन्सची स्पष्टतेची खोली जेमतेम एक मीटर असते. नंतर ते एफ/२.८ वर जाऊ लागले. आणि शेवटचा, सगळे नट ओळीने उभे राहतात तो फोटो ५० मिमीत मावेना. लेन्स बदलेपर्यंत पडदा पडला.

शिगम्यात चित्र उलटं. रस्त्याच्या कडेला रोमटामेळाची नाचती मिरवणूक अंगावर येते, ढोल-ताशे हातभर अंतरावर. तिथे ५० मिमी निरुपयोगी आणि जिला आम्ही नावं ठेवली ती १८–५५ कामाची. घोडेमोडणीचे, म्हणजे लाकडी घोडे कमरेला बांधून होणाऱ्या नाचाचे, मुलीने काढलेले फोटो तिच्या बाबांच्या फोटोंपेक्षा चांगले आहेत, हे मास्तरांनीच सांगितलं.

जूनमध्ये ते साडेसहाशे खर्च झाले: स्वयंपाकघरात धान्याला वापरतात तसला घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा, साठच्या वर गेला की जेल बदलायची किंवा वाळवून परत घालायची. मस्कतहून आलेली झकास बॅग पावसाळाभर कपाटावर रिकामी पडून असते.

वेगळं काय करता आलं असतं

मागून आणलेला कॅमेरा फक्त नाटकाला नेला, शिगम्याचा विचार चाचणीत आलाच नाही. निर्णय त्यामुळे बदलला असता असं नाही, पण लेन्स बदलायची सवय आधी झाली असती.

बॉडीवर आणखी वाचवता आलं असतं का? १३००डीवर भागलं असतं तर सात-आठ हजार वाचले असते आणि त्यात भर घालून पुढे जुनी ८५ मिमी एफ/१.८ घेता आली असती. तिसऱ्या-चौथ्या रांगेतूनही चेहरे मिळाले असते. व्हिडिओच्या मागणीने तो मार्ग बंद झाला, आणि वर्षभरात त्या कॅमेऱ्यावर मंडळाने व्हिडिओ काढला तो एका नांदीचा. वर्गणीतून वस्तू घेताना प्रत्येकाची एकेक इच्छा यादीत घुसते. मंडळाने मागणी लेखी, वापराच्या प्रसंगासह मागितली असती, म्हणजे कुठला प्रवेश, कोण काढणार, कुठे दाखवणार, तर ती बहुधा बैठकीतच गळून पडली असती.

मालकीचंही कागदावर यायला हवं होतं. दुरुस्ती निघाली तर खर्च कुणाचा, कॅमेरा विकला तर पंधरा हजारांचा हिशेब कसा, हे अजून तोंडीच आहे. मास्तर आणि सेक्रेटरी दोघेही समंजस आहेत म्हणून निभावतं. आता मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला पणजीला जाणार आणि कॅमेरा बरोबर नेऊ का विचारते आहे. मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय आहे.